गाण्याशिवाय न हलणारी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. घानाच्या किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला, जिथे वाळूपेक्षा खडक जास्त आणि उन्हापेक्षा पाऊस जास्त, तिथे माझा मुक्काम. जन्माने मी जंगलातली. एका अवाढव्य झाडाच्या अख्ख्या खोडातून मला कोरले, ओढत ओढत समुद्रावर आणले, काठांवर फळ्या चढवल्या आणि अंगावर पिवळ्या रंगात लिहिले, 'बोलू देत लोकांना'. लोक बोलले. सर्वात जास्त माझ्या वजनाबद्दल.

आमच्याकडे होडी ढकलताना गाणे लागते. तांडेल एक ओळ म्हणतो, बाकीचे दुसरी म्हणतात आणि तिच्या शेवटच्या शब्दावर सगळ्यांचे खांदे एकदम लागतात. गाणे कानावर पडले की वाटेवरचा माणूसही धावत येऊन हात लावतो. परतीच्या मासळीत त्याचाही वाटा असतो. माणसे उगाच धावत नाहीत, हे मी फार लवकर शिकले. भरून आले की तांडेलाचे कौतुक व्हायचे, रिकामी आले की मी पांढऱ्या पायाची ठरायचे. जाळे कुणी फाटके टाकले होते, हे कुणी विचारत नसे.

माशांऐवजी माणूस पळवण्याचे काम मी आयुष्यात एकदाच केले. तेच सांगते.

माम अराबा ही किनाऱ्यावरच्या मासे धुरवायच्या भट्ट्यांची मालकीण, आणि मान्सा तिची मुलगी. एकोव माझ्यावरचा खलाशी. त्याच्या घरचे दोनदा जिन या दारूची बाटली घेऊन मान्साला मागणी घालायला गेले. आमच्यात मुलीच्या आईने बाटली उघडली की होकार. दोन्ही वेळा बाटली बुचासकट परत आली. कारण? एकोवच्या आईने कधीकाळी भट्टीच्या जागेवरून माम अराबाशी भांडण केले होते. ज्या जागेवरून भांडण झाले, तिथे एक कोंबडीसुद्धा धड बसली नसती.

मंगळवारी आमच्या समुद्राला सुट्टी असते. कुणी जाळे टाकत नाही. अशाच एका मंगळवारी पाऊस कोसळत होता, किनारा ओस होता आणि ही दोघे माझ्या आडोशाला येऊन बसली.

"उद्या आम्ही सीमेपलीकडं निघालो," एकोव म्हणाला. "अख्खा हंगाम तिकडंच. येतेस?"

"आणि आईला काय सांगू? मीठ आणायला चालले?"

"काहीच सांगू नकोस."

"मग बसनं जाऊ. होडीत मला मळमळतं."

"बस अड्ड्यावर तुझा मामा तिकिटं फाडतो. त्यालाही घेऊ का बरोबर?"

मान्सा हसली, मग रडली, मग हातातला केंकेचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा, गोळा पुन्हा खाऊ लागली. "बाटली न उघडता गेले, तर आई मला दारात उभं करणार नाही. उद्या माझ्या पोरांनाही नाही."

"आणि राहिलीस, तर मी परत येईपर्यंत ती तुझं लग्न कुठंतरी उरकून टाकेल."

मान्साने केंकेचा शेवटचा घास संपवला.

"येते," ती म्हणाली. "पण आईची भट्टी इथून हाकेवर आहे. गाणं म्हणायचं नाही."

"अजिबात नाही."

मला विचारले असते, तर मी सांगितले असते. पण होडीला कोण विचारतो?

बुधवारी सकाळी पाऊस तसाच होता. मान्सा माझ्यातल्या जाळ्यांच्या ढिगाखाली शिरली. तांडेल क्वान्साला एकोवने आधीच पटवले होते. सगळ्यांनी मुकाट्याने खांदे लावले. कुणी आधी ढकलले, कुणी नंतर. मी तसूभरही हलले नाही. पुन्हा जोर लावला. एकजण घसरून पडला, दुसऱ्याने आलेली शिवी गिळली. शेवटी क्वान्साच्या तोंडून सवयीने ओळ निसटली, आणि बाकीच्यांनी सवयीनेच ती उचलली. मी हलले.

आणि भट्टीवरून, कमरेचे कापड खोचत, माम अराबाही सवयीनेच धावत आली.

"अरे मुडद्यांनो, जेवला नाहीत का? ही काय ढकलायची रीत झाली? सरक रे, क्वान्सा!"

तिने खांदा लावला. लाट आली, मी अर्धी तरंगले, आणि जाळे घसरले. आई आणि लेक समोरासमोर आल्या.

गाणे थांबले. सगळ्यांचे हात सैल पडले. माझे पुढचे टोक लाटेत होते, मागचे वाळूत, आणि शेजारी काळे खडक. अशा वेळी हात सुटले की लाट होडीला आडवी करते, आणि आडवी झालेली होडी खडकावर जाते. माम अराबाचा नवरा याच खडकांवर गेला होता.

"आई, मी..."

"तोंड बंद! काठ धर!" माम अराबा ओरडली आणि तांडेलाकडे वळली. "गाणं का थांबवलंस, मेल्या? म्हण!"

क्वान्सा मान्साकडेच बघत राहिला. तेव्हा तिनेच ओळ म्हटली. म्हणत राहिली, ढकलत राहिली. बाकीचे तिच्यामागे गाऊ लागले आणि मी खडक चुकवून खोल पाण्यात गेले. ती छातीभर पाण्यात उभी राहून शिव्या देत होती. पावसात एवढेच नीट ऐकू आले, "बाटली आधी आणायची असते, गाढवा! आधी!"

हंगाम संपला तशी दोघे परत आली आणि एकोवच्या घरचे तिसऱ्यांदा बाटली घेऊन गेले. माम अराबाने बूच काढले, वास घेतला.

"ही बाटली होडी ढकलल्याबद्दल झाली," ती म्हणाली. "मुलीची वेगळी आणा."

संध्याकाळच्या आत त्यांनी आणली. तीही तिने उघडली, आणि मान्साला आत बोलावले.

मित्रांनो, आता माझ्या तळाला चिरा पडल्या आहेत, मला पाण्यात नेत नाहीत. माझे एवढेच मागणे आहे. कुणाची होडी लाटेत अर्धी असताना तुम्हाला जुने भांडण आठवले, तर काठावरचा हात काढू नका. ती पार पाण्यात जाऊ द्या, मग मागून हव्या तेवढ्या शिव्या घाला. आम्हा होड्यांना त्याचे काही वाटत नाही.