घासलेलं पातं

मित्रांनो, मी एक जुना प्लग आहे. टेबलावरच्या दिव्याचा. या घरातली आई गेली त्याच दुपारी वायरमनने मला वायरीपासून कापलं, हातात धरून पाहिलं आणि विचारलं, "काका, याचं पातं कोणी घासलं?"

"हिनंच," बाबा म्हणाले.

कारखान्यात माझी सॉकेटात शिरणारी दोन चपटी धातूची पाती मुद्दाम लहानमोठी केली होती. अरुंद पात्यातून वीज आत येते आणि बटणाकडे जाते. रुंद पातं बल्ब बसतो त्या होल्डरच्या पत्र्याला जोडलेलं. मी भिंतीत उलटा बसू नये, एवढ्यासाठी ते रुंद. मोबाइलच्या चार्जरची पाती सारखी असतात. तो कसाही लावला तरी चालतो. माझं तसं नाही.

पण या घरातली सॉकेटं जुनी, दोन्ही भोकं सारखीच. मी आत जाईना. आईनं कानस काढली.

"अगं, वायरमनला बोलाव ना."

"एवढ्याशासाठी वायरमन? तुम्ही चहा टाका. आणि साखर घाला आज तरी!"

बाबा हसत आत गेले. तिनं माझं रुंद पातं घासून अरुंद केलं; आता मी कसाही बसत होतो. मग कानस हातात होतीच, म्हणून मुलीच्या दिव्याचा प्लगही घासला. चहा येईपर्यंत कानस पेटीत गेली होती.

पुढे मी खूप उजेड दिला. दिव्याचं कौतुक व्हायचं. मी सुलटा लागलोय की उलटा, हे कोणी पाहत नसे. त्या सकाळी मी उलटा होतो. फरशी ओली होती. बल्ब बदलायचा म्हणून तिनं आठवणीनं बटण बंद केलं. पण प्लग उलटा असला की वीज बटणाकडे न जाता रुंद पात्यातून थेट पत्र्यात येते. तिचं बोट पत्र्याला लागलं. मित्रांनो, प्लगला स्वतःहून भिंतीतून बाहेर पडता येत नाही.

"अजून कुठला प्लग घासलाय का?" वायरमनने विचारलं.

"नाही हो. हा एकच."

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. मला आवाज नाही.

आता मी खणात पडून आहे. बाबा मुलीला रोज बजावतात, "बल्ब काढताना आधी बटण बंद करायचं हं, बाळा."

"हो बाबा."

मित्रांनो, प्लग भिंतीत जात नसेल तर त्याला घासू नका. सॉकेट बदलून घ्या. आणि कोणीतरी या घरी जा, बाबांना सांगा. मुलीच्या दिव्याचा प्लग अजून बदललेला नाही.