बाबांच्या फोटोची काच

धोकादायक इमारतींच्या खात्यात त्याला साहेब म्हणत, घरी मात्र तो अजून धाकट्याच होता. त्याच्या एका सहीने अख्ख्या इमारती रिकाम्या होत, पण ताईच्या दारात चपला वाकड्या काढल्या की बोलणी चुकत नसत.

त्या दिवशी तो ऑफिसच्या कामासाठी ताईकडे आला होता. तिसऱ्या मजल्यावर, ताईच्या कपाटामागच्या भिंतीला तडा गेला होता. मागच्या खेपेला त्यानेच त्या तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. यात फारशी विद्या नाही. इमारत जागची हलली की काच तडकते. तडकली तर इमारत रिकामी करायची, नाही तडकली तर चहा प्यायचा.

भावोजींनी कपाट सरकवलं. काच शाबूत होती.

"बघा साहेब," ते म्हणाले, "या घरात सकाळी फक्त दोघं जागची हलत नाहीत. ही काच आणि मी."

"काचेचा निदान उपयोग तरी आहे," ताई चहा ओतत म्हणाली.

पूर्वी असं काही दिसलं की त्याच्या छातीवरचा दगड उतरायचा. हल्ली तो उतरत नसे. दगड तिथेच राहायला आला होता. सवयीने त्याने टॉर्च मारला. त्याने लावलेली काच खिडकीची होती, साधी, कोपऱ्यात त्याची सही. या काचेवर सही नव्हती. कडेला सोनेरी रंगाचा ओघळ मात्र होता. त्याने मागे वळून पाहिलं. समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. सोनेरी चौकट होती, काच नव्हती. बाबांच्या नाकावर धूळ बसली होती.

"बाबांची काच कुठे गेली?"

"पुसताना फुटली," ताई म्हणाली.

"कशी फुटली?"

"सरळ. पट्ट्यापट्ट्यांनी."

भावोजींना खिडकीबाहेर एकदम काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं.

"मी लावलेली कधी तडकली?"

"तू गेलास त्याच आठवड्यात."

"आणि ही?"

"त्यानंतर दोन तडकल्या. ही तिसरी. बाबांची आता एकच उरलीय."

आपल्याला भीती वाटायला हवी, हे त्याला कळत होतं. त्याने थोडी वाट पाहिली. भीती आली नाही. सामान हलवायला टेम्पो किती मिळतील, एवढंच डोक्यात आलं.

"ताई, खाली करावी लागेल. सगळी बिल्डिंग. आजच."

"तू ज्यांना बाहेर काढलंस, त्यांतलं कुणी परत आलंय?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"मग? तडा निदान कुठे आहे ते मला माहीत आहे. बाहेर पडले की घर कुठे शोधू?"

"तात्पुरतं आहे गं."

"लिहून देशील?"

"ते छापीलच असतं."

ताई खाली बसली. "सख्खी बहीण आहे, एवढं तरी बघ रे."

"बहीण आहेस म्हणून काच जवळून बघितली," तो म्हणाला. "बाकीच्यांची मी दारातूनच बघतो."

चहा तसाच राहिला.

दुपारी खालच्या दारावर नोटीस लागली, वीज तोडली गेली आणि जिन्यात गर्दी जमली. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. सगळ्यांत मोठा आवाज ताईचा होता. "लाज वाटत नाही! सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही मेला!" शेजारणींनी तिला धरून बसवलं, पाणी दिलं. काचेबद्दल कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. सात पिढ्या तिच्याही आहेत हे त्याच्या लक्षात आलं, पण ती थांबेपर्यंत तो मान खाली घालून उभा राहिला आणि मग तिची बॅग उचलली.

संध्याकाळी ती दोघं त्याच्या घरी आली. त्याच्या बायकोने पुढच्या खोलीत गाद्या घातल्या. भावोजी पडल्या पडल्या घोरू लागले. फोटो टांगायला धाकट्याने खिळा आणि हातोडी आणली.

ताईने त्याचा हात धरला. दुसऱ्या हाताने ती सोफ्यामागच्या भिंतीवरून बोटं फिरवत गेली आणि एका बारीक रेघेपाशी थांबली.

"इथे तपासायला कोण येतं?"

"मीच."

"मग राहू दे," ती म्हणाली. तिने बाबांच्या नाकावरची धूळ पुसली आणि फोटो जमिनीवरच टेकवून ठेवला.