चोपलेली माती

बाईंनी खड्ड्यात उतरून यंत्राने कापलेल्या भिंतीवरून हात फिरवला. वरपासून खालपर्यंत सगळी एकसारखी, गुळगुळीत, मातकट.

"बघितलंत?" काठावरून इंजिनिअर म्हणाला. "शेजारचं तळं खणताना निघालेला गाळ आहे हा. किल्ला नाही न् बिल्ला नाही. दुपारी टेकाड सपाट करतो, रस्ता अडलाय."

बाईंनी भिंतीवरचा हात काढून घेतला. शाळेत शिकवत होत्या तेव्हापासून, गेली तीस वर्षं, त्या कानीकपाळी ओरडत होत्या, की हे टेकाड माणसांनी रचलंय, इथे किल्ला असणार. त्यापायी गावाने त्यांचं नाव 'किल्लेदारीण' पाडलं होतं. अर्जांवर अर्ज करून हा एक खड्डा कसाबसा पदरात पडला, आणि त्यानेच तोंडघशी पाडलं! त्यांचे डोळे भरून आले.

काठावर त्यांचे यजमान बसले होते. जन्मभर मातीकामावर मुकादम, आणि या टेकाडावरून बायकोची थट्टा करण्यात गावात पहिला नंबर. आज मात्र ते हसले नाहीत. भिंतीकडे टक लावून बघत होते.

"यंत्राने सारवून टाकलीय ही," ते पुटपुटले. "अगं, सरक जरा."

एका मजुराचं खुरपं मागून घेऊन ते गुडघे धरत खाली उतरले. हातभर जागा खरवडली. मग बाईंच्या हातातली बाटली घेऊन तिथे पाणी शिंपडलं.

भिंतीत पट्टे उमटले. वीतभर लाल माती, चार बोटं मुरूम, पुन्हा वीतभर लाल, पुन्हा मुरूम. सगळ्यात खाली एक काळी रेघ.

"अहो, हे काय!" बाईंचा आवाज चिरकला.

"साहेब, खाली या," मुकादम म्हणाले. "ही काळी रेघ म्हणजे जुनं गवत. त्यावर एकेक थर पाणी मारून चोपलाय. चाळीस वर्षं हेच केलंय मी. गाळ माणूस फेकून देतो, चोपत बसत नाही."

इंजिनिअर उतरला. बोटाने थर मोजले, पुन्हा मोजले. मग फोन काढला.

"यंत्र परत न्या. आधी पुरातत्त्ववाल्यांना दाखवू."

काठावरच्या बघ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"म्हणजे मुकादम, इथे किल्लाच होता?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

मुकादमांनी खुरप्याची माती पुसली.

"कशी चोपली ते मी सांगितलं. कुणी आणि कशासाठी, ते हिला विचारा."

बाईंनी डोळे कोरडे केले, घसा खाकरला आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली. मुकादम तिथेच मातीत मांडी घालून ऐकायला बसले.