इंजिन एकाकडे, डबे दुसऱ्याकडे

काळुरामशेठ टॉवेलात गुंडाळलेलं इंजिन घेऊन आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, दमट हवेनं गेलंय. गणपतीआधी चालू पायजे."

मी सव्वीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोटरींचं वाइंडिंग केलं. म्हणजे पंपाच्या मोटरीत जी तांब्याची तार असते, ती हाताने भरायची. कारखाना बंद पडला आणि त्याच सुमारास कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे मला पत्र्याचं जुनं खेळण्यातलं इंजिन दिसलं. किलोच्या भावात घरी आणलं, आठवडाभर खपले आणि चालवून दाखवलं. दाखवलं म्हणजे माझं मलाच. तेव्हापासून गेली नऊ वर्षं डोंबिवलीत माझ्या जेवणाच्या टेबलावर जुन्या आगगाड्या दुरुस्त होतात आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवते.

गिऱ्हाइकं पुण्याहूनसुद्धा येतात. येताना सोबत आपलं बालपण घेऊन येतात आणि मला ते ऐकायचं नसतं. बालपण सगळ्यांचंच गोड असतं. इंजिन मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी माळ्यावर कोंबलेलं असतं. मी एवढंच विचारते, की शेवटचं कधी चाललं होतं आणि रूळ आहेत का.

"अकरा वर्षं झाली," शेठ म्हणाले. "रूळ भावाकडं हायेत. डबे पन."

शेठ मानपाड्याचे, मूळ गावातले. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता तीन टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या एकात वरचा अख्खा मजला त्यांचा आहे. जमीन विकली तेव्हा दोघा भावांची वाटणी झाली. पितळेच्या घागरीसुद्धा मोजून निम्म्या केल्या. शेवटी आगगाडीचा खोका उरला. पंचांनी दोन चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर इंजिन, दुसरीवर डबे आणि रूळ. इंजिन धाकट्या काळुरामला आलं, बाकी सगळं थोरल्या पोपटला.

मला हसू आलं आणि मी हसले. शेठचा चेहरा पडला, तेव्हा मी पाना हातात घेतला.

इंजिन परदेशी होतं, साठ वर्षांपूर्वीचं तरी असावं. शेठचा बाप मोहने गावात एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर दुधाचा रतीब घालायचा. मायदेशी परतताना साहेबाने खोका त्याच्या हातात दिला होता. मी वरचा पत्रा काढला आणि मोटर उघडी केली. दमट हवेनं तार हिरवी पडते. जास्त करंट गेला तर काळी पडते आणि जळक्या व्हार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही. इथे यातलं काहीच नव्हतं. केसासारख्या बारीक तारांचा सगळा गुंडा एका रेषेत तुटलेला होता.

"शेठ, हे ब्लेडने कापलंय."

त्यांनी समोर ठेवलेल्या आपल्या दोन फोनपैकी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. मग म्हणाले, "मीच कापलाय."

मला ऐकायचं नव्हतं, पण माणूस एकदा बोलायला लागला की त्याला टेबलावरून उठवता येत नाही. लहानपणी बाप फक्त थोरल्याला गाडी चालवायचं बटण फिरवू द्यायचा. काळुरामने डबे रुळावर ठेवायचे आणि लांब बसून बघायचं. वाटणीच्या दिवशी पंच चहा पीत असताना ओटीवर खोका उघडा पडला होता. मला नाही तर त्यालाही नाही, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी खिडकीतलं ब्लेड घेतलं, इंजिनाच्या खालच्या फटीतून घातलं आणि परत खिडकीत ठेवून दिलं. त्यानंतर अर्ध्या तासाने चिठ्ठी निघाली आणि इंजिन त्यांच्याच पदरात पडलं. पंचावन्न वर्षांचा माणूस हे करतो, म्हणजे कमालच आहे.

"त्या दिवसापासून मी त्याच्या दारात गेलेलो नाय," शेठ म्हणाले. "लोकांना सांगतो, त्यानं रस्त्याकडची जमीन लाटली."

"लाटली का?"

"नाय. ती पन चिठ्ठीनंच गेली."

मग त्यांनी फोनवर मला एक व्हिडिओ दाखवला. कुणा नातेवाइकाने पाठवलेला, गेल्या वर्षीच्या गणपतीतला. मखराभोवती रूळ मांडलेले, त्यावर चार डबे ओळीने उभे. पुढे इंजिनापुरती जागा मोकळी. पोपट दरवर्षी असंच मांडतो, असं शेठना तो व्हिडिओ आला त्या दिवशी कळलं. पोपटच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत हेही त्याच दिवशी कळलं. आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस चालू होतं.

"पुढच्या वर्षीचा गणपती तो बघंल का नाय, सांगता येत नाय. मना इंजिन घेऊन जायचाय. पन कापलेला त्याला समजला तर मी तोंड कसा दाखवू?"

वाइंडिंगला चार दिवस गेले. तशी बारीक तार मुंबईहून मागवावी लागली. टेबलावर मोटर फिरली, पण रुळावर चालवल्याशिवाय मी काम देत नाही आणि त्या मापाचे रूळ आता कुठे मिळत नाहीत. पोपटच्याच रुळांवर तपासायला हवं होतं. वाटणीनंतर पोपट बायकोच्या माहेरगावी, मोहन्याला राहायला गेला होता. शेठनी मला गाडीतून नेलं आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली.

"आधी तुम्ही जा. दमट हवा सांगा," ते म्हणाले.

"कामाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. त्यांनी विचारलं नाही तर सांगणार नाही, एवढं करीन."

दार पोपटच्या बायकोने, रखमाबाईने उघडलं. मी कोण आणि काय आणलंय ते सांगितलं, तशी तिने मला आत घेतलं. पोपट खाटेवर टेकून बसला होता. माणूस वाळला होता आणि डाव्या हाताला पट्टी होती. गणपतीला आठ दिवस होते, तरी रूळ मांडून झाले होते आणि घासून लख्ख केलेले होते. मी टॉवेल सोडला. त्याने इंजिन मांडीवर घेतलं आणि चाकांवरून बोट फिरवलं.

"काय झालेला याला?"

मी टॉवेलाची घडी घालायला लागले. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

"दमट हवा बोलला असंल," पोपट म्हणाला आणि हसला. "बाय, ते बलेड माझा होता. दाढीचा. दुसऱ्या दिवशी गाल कापला म्हनून बगतो, तर बलेडला तांब्याचा केस अडकलेला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत त्यांना?"

"तो लाजला का मंग घरान पाय ठेवत नाय. लहानपनापासून. एकदा दोन दिवस भाताच्या पेंढ्यांच्या उडव्याच्या मागं बसून रायलेला, आईचा मटका फोरला म्हनून. मी बोललो असतो तं तो जल्मात आला नसता. म्हनून गप रायलो. बोललो, ईल कवातरी." त्याने इंजिन माझ्याकडे परत दिलं. "घेऊन जा. त्याच्याच हातानं ठेवू दे. आन मना ठाव हाय, ते त्याला सांगू नका."

मी गल्लीतून परत निघाले तेव्हा मला दोघांचाही संताप आला होता. एक लाजून गप्प, दुसरा त्याची लाज सांभाळत गप्प आणि मधल्या मध्ये अकरा वर्षं पाण्यात. नऊ वर्षांत मी कुणाच्या घरच्या भानगडीत पडले नव्हते. पण त्या खाटेवरच्या माणसाकडे थांबायला वेळ नव्हता, हे मला दिसलं होतं.

शेठनी काच खाली केली. "काय बोलला?"

"त्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून. ब्लेड त्यांचं होतं."

शेठनी गाडीच्या किल्लीला हात घातला. मला वाटलं, आता गाडी वळवतील. दुसऱ्याच्या घरात पडायची मला सवय नाही, केलं ते चुकलंच.

"मंग भांडला का नाय?" ते हळूच म्हणाले. मग एकदम मोठ्याने, "अकरा वर्सां गप बसला? भांडला का नाय मंग?"

दार उघडून ते निघाले. इंजिन माझ्या हातातून ओढून घेतलं आणि चपला न काढता घरात शिरले. मी मागे पोचेपर्यंत आत आवाज चढले होते. शेठ ओरडत होते, की मना शिव्या का नाय दिल्यास, मानूस नाय समाजलास का मना. पोपट ओरडत होता, की तू आलास का शिव्या खायला. मग ब्लेड निघालं, मग मटका, मग बापाने कुणाला बटण फिरवू दिलं ते. दोघंही रडत होते आणि कुणी थांबत नव्हतं. इंजिन खाटेवर आडवं पडलं होतं.

रखमाबाई पदराने डोळे पुसत बाहेर ओट्यावर आली. समोरच्या घरांतून माणसं बघायला लागली होती.

"दार लावून घ्या," मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "ऐकू दे सगल्यांना. दर गनपतीला मना इचारतान, तुमचा दीर नाय का येत."