वर्षाला एक वीत

मित्रांनो, मी एक जुना मफलर आहे. तेरा वर्षांचा घोडा झालो, पण अजून एकाही गळ्याला ऊब दिलेली नाही, कारण मी पुरा झालेलोच नाही. हसू नका. माझं एक टोक अजून सुईवरच आहे.

माझे मालक बस चालवायचे. डॉक्टरांनी त्यांना सिगारेट बंद करायला सांगितली आणि नेमकी नाताळची आठवडाभराची सुट्टी आली. रिकाम्या हातांना चैन पडेना. तेव्हा बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना दोन सुया आणि करड्या लोकरीचा गुंडा दिला. "अहो, हे घ्या. चुकलात तरी कुणी दंड करणार नाही," त्या म्हणाल्या. असा माझा जन्म झाला.

बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. आवाज कसा खणखणीत! मालक विणायचे आणि बाई शेजारी बसून त्यांना कादंबरी वाचून दाखवायच्या. शेगडीजवळ मोजे वाळत असायचे, गोष्टीच्या नादात चहा हमखास गार व्हायचा. सुट्टीबरोबर कादंबरी संपायची आणि मी वीतभर वाढलेलो असायचो. मग माझी रवानगी पत्र्याच्या डब्यात व्हायची, ती थेट पुढच्या नाताळपर्यंत. एरवी मालक मला हात लावत नसत. "हिचा आवाज नसला की मला टाकेच जमत नाहीत," असं ते म्हणत.

ते खरंच होतं. गोष्टीत खून झाला की माझी वीण घट्ट, प्रेम जुळलं की सैल. एके ठिकाणी मला चक्क भोक आहे. तिथे वाचता वाचता बाईंना हसू आवरेना, मालकही हसत सुटले आणि टाका गळला. शेजारच्या शिंपीणबाईंनी नाक मुरडलं, तेव्हा मला फार लाज वाटली. मालकांनी मात्र ते भोक कुणाला बुजवू दिलं नाही.

मागच्या वर्षी बाई गेल्या. तो नाताळ मी डब्यातच काढला. यंदा मालकांनी डबा उघडला, तो मला उसवायला. "आता कशाला हवाय हा? लोकर तरी कुणाच्या कामी येईल," असं म्हणत त्यांनी सुई ओढायला घेतली. माझा जीव टांगणीला लागला. मी उसवलो असतो, तर बाईंचे ते सगळे आठवडे माझ्याबरोबर उसवले असते.

सुट्टीला आलेल्या लेकीने त्यांचा हात धरला. "बाबा, थांबा जरा." तिने फळीवरचं एक पुस्तक काढलं आणि त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने वाचू लागली. ती नर्स आहे, तिला असं वाचायची सवय नाही. ती अडखळली, तिने घाई केली, माणसांची नावं चुकवली. दोन पानं झाल्यावर मालकांनी ओढायला घेतलेली सुई परत टाक्यांत सरकवली. मग म्हणाले, "हळू वाच गं. बस काही सुटत नाहीये."

आणि त्यांनी पहिला टाका घातला.

यंदा मी अर्धी वीतच वाढलो, तीही वाकडी. पण मित्रांनो, मी इतक्या सुखात कधीच नव्हतो. तुमच्या घरात कुणी असं अर्धवट काही घेऊन बसलं असेल, तर 'कधी संपणार हे?' असं विचारू नका. शेजारी बसा आणि काहीतरी वाचून दाखवा. अडखळलात तरी चालेल.