पिवळ्या टोपीची हजेरी

सुलेखाला नोकरी लागली. ती नेमकी कसली हे टोकियोतल्या ओजिमात राहणाऱ्या मराठी बायकांना समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले.

"अमेरिकेत फुटबॉलची मॅच असते ना, ती बघायला किती माणसं आली ते मोजायचं."

"अमेरिकेत जाऊन?" पद्मिनीकाकूंनी विचारलं.

"नाही हो काकू, इथेच. कामेइदोला. टीव्हीवर."

काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि दिवसभर घरात एकटीने बसणं बरं नव्हे, रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत जा, असं सांगितलं.

पण नोकरी खरीच होती. हिरोसे नावाच्या गृहस्थांची एक छोटी कंपनी होती, ती प्लॅस्टिकचे भोंगे बनवायची. त्र्याण्णव साली जपानात व्यावसायिक फुटबॉलची लीग सुरू झाली तेव्हा अख्खा देश येडा झाला होता. हिरोसेसाननी मशीनला उसंत न देता भोंगे काढले. मग मैदानांच्या शेजारीपाजाऱ्यांनी तक्रारी केल्या, भोंग्यांवर बंदी आली, आणि पुढे पुढे भोंगे वाजवणारेच यायचे कमी झाले. सत्त्याण्णव साल उजाडलं तेव्हा गोदामात चाळीस हजार भोंगे गप्प पडून होते. लग्न आटोपलं तरी मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्यांकडे यजमान बघतो, तसे हिरोसेसान त्यांच्याकडे बघत.

अशात त्यांना कळलं की अमेरिकेतही नवी लीग निघाली आहे. तिथल्या एका क्लबाचा फॅक्स आला: दर सामन्याला सरासरी चौदा हजार दोनशे प्रेक्षक. हिरोसेसाननी मनातल्या मनात तिघांमागे एक भोंगा विकला आणि गोदाम रिकामं करून टाकलं. पण परदेश विभागाचे प्रमुख कोंदोसान एकदा पोळलेले होते. ते म्हणाले, आधी मोजू.

मोजायला माणूस हवं होतं आणि पगार फार द्यायचा नव्हता. सुलेखाच्या मुलाखतीत कोंदोसाननी एकच प्रश्न विचारला, "कंटाळा आला तर काय करता?"

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करते," ती म्हणाली. घरी, अकराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, तीन वर्षं ती रोज सकाळी तेच करत होती.

पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे एक डबी ठेवली. आत बोटाएवढा शिक्का होता, जपानी अक्षरांत 'ल' नाही म्हणून 'सुरेका' असं कोरलेला. मोजणीच्या प्रत्येक कागदाखाली दोन शिक्के लागत, मोजणाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा. या देशात सुलेखाचं घर नवऱ्याच्या, म्हणजे प्रतापच्या, बँकेच्या नावावर, खातं प्रतापच्या नावावर, आणि व्हिसावरही ती त्याची आश्रित. कचरा वेगळा केला नाही म्हणून रागावणारी खालच्या मजल्यावरची बाईसुद्धा तिला 'ओकुसान' म्हणून रागवायची, म्हणजे कुणाची तरी बायको. नुसतं तिचं नाव असलेली ही पहिली वस्तू. घरी येऊन तिने वर्तमानपत्राच्या समासात अकरा शिक्के उठवले. "ममा, सुगोई! भारीच!" आठ वर्षांची उत्तरा म्हणाली, आणि मग तिनेही एक उठवून पाहिला.

काम असं होतं. क्लबाच्या घरच्या मैदानावर सामना झाला की तिथला एजंट सगळ्या बाजूंनी कॅमेरा फिरवून कॅसेट पाठवायचा. सुलेखा चित्र थांबवायची, टीव्हीच्या काचेवर चौकटी आखलेला पारदर्शक कागद लावायची आणि मुठीतल्या यंत्राचं बटण दाबत माणसं मोजायची. एक डोकं, एक टक्. मैदान अवाढव्य, सत्तर हजारांचं. त्यात माणसं अशी विखुरलेली की मोजताना मध्ये दम खायला वेळ मिळे.

पहिल्या कॅसेटमध्ये तीन हजार दोनशे अडुसष्ट निघाली. कोंदोसानना तीन हजार दोनशे एकाहत्तर मिळाली. फरक आला की दोघांनी पुन्हा मोजायचं असा नियम. मोजलं, तेव्हा कळलं की कोंदोसाननी तीन आइस्क्रीमवाले धरले होते. ते उठून वाकले आणि त्यांनी तिची माफी मागितली.

मग क्लबाकडे विचारणा गेली: बाकीचे अकरा हजार कुठे बसतात? उत्तर आलं की आमचा आकडा वाटलेल्या तिकिटांचा असतो. पिझ्झ्याबरोबर एक तिकीट, गाडी धुऊन घेतली की दोन, शाळाशाळांतून गठ्ठेच्या गठ्ठे. ज्याला तिकीट पोचलं तो आला. कोंदोसाननी फॅक्स तीनदा वाचला आणि भाषांतरात काही राहिलंय का, असं सुलेखाला विचारलं. काही राहिलेलं नव्हतं. सुलेखाला तर सगळं पहिल्या ओळीतच समजलं होतं, कारण तिचा नवरा टोकियोतल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता.

मागच्या दिवाळीत मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम झाला. फराळाच्या प्लेट सुलेखाने स्वतः भरल्या, त्या एकाहत्तर. त्यातल्या दोन पेटीवाल्याने खाल्ल्या. मुंबईच्या वर्तमानपत्राला प्रतापने बातमी पाठवली ती अशी: 'टोकियोत तीनशे साठ रसिकांच्या उपस्थितीत दिवाळी पहाट'. ती पहाटही दुपारी तीनला झाली होती.

"तीनशे साठ कुठून आणलेस?" तिने विचारलं होतं.

"नव्वद पत्रिका गेल्या. घरटी चार धर."

"पण आलं कोण?"

"अगं, पत्रिका पोचली म्हणजे मनाने आलेच ना!" प्रताप म्हणाला. त्यात त्याला काहीच खोटं वाटत नव्हतं, हेच त्याचं खरं.

कॅसेटी येत राहिल्या. तिसऱ्या की चौथ्या कॅसेटच्या सुमाराला सुलेखाला एक बाई ओळखीची वाटली. समोरच्या स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत, पिवळी टोपी. वयस्क असावी, उठताना पुढच्या खुर्चीचा आधार घ्यायची. मागेपुढे दहा-दहा खुर्च्या मोकळ्या. क्लब हरत असला तरी ही टाळ्या वाजवायची. मध्यंतरात मांडीवर डबा उघडायची. पावसात सामना झाला तेव्हा सगळ्या मैदानात नऊशे चौदा माणसं होती, आणि त्यात ती होती. सुलेखा मग मोजणी तिच्यापासूनच सुरू करू लागली. पहिलं टक् पिवळ्या टोपीचं. आली बाई, असं मनात म्हणायची आणि तिला फार बरं वाटायचं. पद्मिनीकाकूंकडे चहाला जाऊनही तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिने घरी सांगितलं तर प्रताप हसला. "चौदा हजारांच्या गोष्टी चालल्यात आणि तू एका बाईचं कौतुक काय सांगतेस!"

सप्टेंबर लागला आणि हिरोसेसाननी तिला खोलीत बोलावलं. कोंदोसान बाजूला उभे होते. हिरोसेसान फार गोड बोलले. परदेश विभाग या भोंग्यांसाठीच काढलेला. कंटेनर अमेरिकेला गेला तर विभाग राहील, आणि सुरेकासानचं कंत्राटही वर्षभर वाढेल. पण कंटेनरसाठी बँकेला कागद दाखवायला हवा, आणि तीन हजारांचा कागद दाखवून कुठली बँक पैसे देणार? तेव्हा अंतिम अहवालात अमेरिकन पद्धतीचा आकडा घालावा. खाली नेहमीचे दोन शिक्के. आजचा दिवस विचार करा.

"लिहून टाक," संध्याकाळी प्रताप म्हणाला. "आकडा त्यांचा, भोंगे यांचे. तुझं काय जातंय?"

"शिक्का माझा आहे."

"अगं, नोकरी गेली तर शिक्का काय लोणच्याच्या बरणीवर मारणार आहेस?"

हे तिला लागलं, कारण खरंच होतं. नोकरी गेली की शिक्का म्हणजे नुसता लाकडाचा तुकडा, आणि ती पुन्हा ओकुसान. ती सकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. डब्यात मात्र त्याला आवडते म्हणून वांग्याची भाजी दिली.

दुसऱ्या दिवशी तिने अहवाल शिक्का मारून समोर ठेवला. त्यात सरासरी होती तीन हजार एकशे चार. "ते चौदा हजार मी मोजलेले नाहीत," ती हिरोसेसानना म्हणाली. "न मोजलेल्यावर शिक्का मारला तर मोजलेल्याची काय किंमत राहिली?"

हिरोसेसाननी दातांतून हवा आत ओढली. जपानी माणसाने असं केलं की ते नकाराहून वाईट असतं, हे तिला एव्हाना माहीत होतं. कोंदोसाननी आपला शिक्का काढला आणि तिच्या शिक्क्याशेजारी मारला.

पंधरा दिवसांत हुकूम निघाला: परदेश विभाग बंद. कोंदोसानची बदली गोदामात, भोंग्यांपाशी. सुलेखाचं कंत्राट महिनाअखेर संपणार. मोसमातल्या शेवटच्या सामन्याची कॅसेट तेवढी यायची होती. तिची मोजणी कुणी वाचणार नव्हतं, तिचं काही होणारही नव्हतं. पण सुरू केलेलं काम अर्धवट सोडायची त्या कचेरीत रीत नव्हती.

कॅसेट आली. सुलेखाने चित्र थांबवलं, कागद लावला, अंगठा बटणावर ठेवला आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

उशीर झाला असेल. तिने उत्तरार्धातली कॅमेऱ्याची फिरती पाहिली. जागा बदलली असेल. तिने दोन्ही स्टँड, चारही कोपरे, आइस्क्रीमच्या गाड्यांच्या रांगासुद्धा पाहिल्या. टोपी नाही घातली तर ओळखायची कशी, या विचाराने तिने साऱ्या म्हाताऱ्या बायका पुन्हा एकेक करून पाहिल्या. डबा घेऊन बसलेली एकही नव्हती. मग तिने मुकाट्याने सगळे मोजले. दोन हजार नऊशे अकरा.

यंत्र मुठीतच होतं. ती बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. चौदा हजारांपुढे न हललेला अंगठा हलला. टक्. तिने कागदावर २,९१२ लिहिलं आणि खाली शिक्का मारला.

दुपारी कोंदोसान तपासायला बसले. त्यांच्या यंत्रात २,९११ आले. त्यांनी तिचा कागद पाहिला. फरक आला की दोघांनी पुन्हा मोजायचं. सुलेखा मान खाली घालून वाट बघत राहिली.

कोंदोसाननी यंत्र उचललं नाही. त्यांनी चित्र मागे नेलं, समोरच्या स्टँडवर थांबवलं आणि तिसऱ्या रांगेवर बोट ठेवलं.

"तिकडे आज थंडी असेल," ते म्हणाले.

सुलेखाने चमकून वर पाहिलं. "मुलीकडे गेल्या असतील," ती म्हणाली.

"हो. तसंच असेल." त्यांनी शिक्क्याची डबी उघडली. "पण तिकीट त्यांनी घेतलेलंच असणार."

हे तर हुबेहूब प्रतापचं बोलणं होतं, आणि त्या फॅक्सचंही. सुलेखाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. कोंदोसाननी आपला शिक्का शाईवर टेकवला आणि २,९१२ च्या खाली, तिच्या शिक्क्याशेजारी, नेहमीसारखा सरळ उठवला.