वेकाचे शनिवार

पोर्ट सिंक्लेअर गावाला मिरवायला फारसं काही नव्हतं. एक पिठाची गिरणी, दोन चर्च, पाच गुत्ते आणि एक वेका. वेका म्हणजे त्यांची टॉर्पेडो बोट. रशियाचं आरमार न्यूझीलंडवर चालून येतंय अशी हूल उठली, तेव्हा सरकारने १८८४ साली ती विलायतेहून मागवली. साठ फूट लांब, पत्रा नखाएवढा जाड, आणि नाकावर एक लांबलचक दांडा. दांड्याच्या टोकाला स्फोटकांचा डबा. शत्रूच्या जहाजाला जाऊन भिडायचं, डबा त्याच्या पोटाला लावून उडवायचा आणि जमलं तर परत यायचं. या कामाला गावातल्या बारा जणांनी आपण होऊन नावं दिली. त्यांत एक पाववाला होता, एक चांभार होता आणि चर्चचा घंटा वाजवणाराही होता.

रशियन काही आले नाहीत. पंधरा वर्षांत वेकाने दोनदा डबा उडवला. एकदा पिंपांच्या तराफ्यावर. तेव्हा इतके मासे मरून वर आले, की गावाने तीन दिवस दुसरं काही खाल्लं नाही. दुसऱ्यांदा बंदराच्या तोंडाशी रुतलेल्या एका मोडक्या जहाजावर. शेजारच्या बंदरातले लोक खिजवायचे, "उडता न येणाऱ्या पक्ष्याचं नाव ठेवलंत, अगदी शोभतं हो!" त्यांच्याकडे होती एक गंजकी तोफ. त्यांनी तर बोलूच नये.

मॅग्नस इझबिस्टर गिरणीचा बॉयलर सांभाळायचा आणि वेकाचं इंजिनही. जन्म ऑर्कनी बेटांवरचा, वाढला जहाजांवर. जहाजावर जे धातूचं आहे ते लखलखलंच पाहिजे, ही शिस्त त्याच्या हाडीमाशी खिळलेली. म्हणून दर शनिवारी दुपारी कामं आटोपली, की बारा जण वेकाला रुळांवरून शेडमध्ये ओढून घ्यायचे आणि वाळू नि विटेच्या पुडीने बुडापासून काठापर्यंत घासायचे. लग्न असो, मयत असो, शनिवार चुकला नाही. आधी ती राखाडी, मळकट दिसायची. वर्षभरात तिच्यात तोंड पाहून दाढी करावी अशी झाली. मॅग्नसची बायको क्रिस्टिना म्हणायची, "मला सहाच दिवस नवरा आहे. सातवा त्या बयेने नेलाय."

आणि एका गुरुवारी पत्र आलं. सरकारी तपासनीस कॅप्टन हॅझलडीन शनिवारी बोट तपासायला येणार होता. कामाला लायक ठरली तर राहील, नाहीतर भंगारात जाईल.

शुक्रवारी मॅग्नस एकटाच शेडमध्ये गेला आणि बोटांच्या पेरांनी पत्रा ठोकत ठोकत मागे सरकला. बॉयलरच्या खाली आवाज बदलला. त्याने अंगठा दाबला, तर पत्रा आत गेला. ती मळकट राखाडी म्हणजे मळ नव्हताच, जस्ताचा मुलामा होता. मोठ्या जहाजांच्या जाड लोखंडाला जी घासपूस मानवते, ती या नखाएवढ्या पत्र्याला कशी मानवेल? आधी जस्त गेलं, मग गंज, मग गंज घासता घासता पोलादच गेलं. सातशे ऐंशी शनिवार आपण हिला आपल्याच हातांनी खात आलो, हे कळल्यावर त्याला रडू फुटलं.

कॉन डूली, बॉयलरमध्ये कोळसा घालणारा आयरिश गडी, मागून आला. त्यानेही अंगठा लावून पाहिला.

"एवढंच ना? शेंदराचा जाड हात मारतो. साहेबाला वर इंजिनापाशी बोलत ठेव. तू बोलायला लागलास की लोकांना कंटाळा येतो, तो गुण आज कामी येऊ दे."

मॅग्नस पत्र्याकडे बघत राहिला. कॉनने तो होकारच समजला आणि ब्रश उचलला.

शनिवारी अख्खा गाव धक्क्यावर लोटला. कॅप्टन हॅझलडीन काटकुळा, मितभाषी माणूस. लहानशी हातोडी घेऊन त्याने नाकापासून सुरुवात केली. टण, टण, टण. बॉयलरपाशी येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"मिस्टर इझबिस्टर, बारा बंदरं पाहून आलो मी. कुठे बोटीत कोंबड्या पाळल्यात, कुठे बटाटे भरलेत. अशी राखलेली बोट एक नाही पाहिली. कामाला लायक, असंच लिहितो मी."

त्याने हातोडी खिशात घातली. कॉनने डोळा मारला. पंधरा वर्षं मॅग्नसला हेच शब्द हवे होते, आणि ते आता कागदावर उतरणार होते. त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं. पाववाल्याला पाच मुलं होती. उद्या खरोखरच लढाई लागली, तर हीच माणसं या पत्र्याच्या भरवशावर जाणार होती.

"साहेब," तो म्हणाला, "इथे मारा. शेंदूर आहे ना, तिथे."

"मॅग्नस, लेका, वेड लागलं का तुला?" कॉन ओरडलाच.

हातोडी आरपार गेली.

"हे कसं झालं?" कॅप्टनने विचारलं.

"घासून, साहेब. आम्हीच घासली. हुकूम माझा होता, यांचा काही दोष नाही."

कॅप्टनने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मग मला हिला बाद करावं लागेल."

"करा. पण त्याआधी एक सागरी मैल पळू द्या तिला. कारखान्याच्या कागदावर वेग साडेसतरा नॉट लिहिलाय. ती अजून तेवढी पळते, एवढं तरी लिहा."

"या भोकानिशी? मी कोणाला तसा हुकूम देणार नाही."

"हुकूम कोण मागतंय?" कॉन म्हणाला. लाकडाची खुंटी आणि चरबीत भिजवलेली गोणी त्याच्या हातात आधीच होती. बाराही जण पुढे आले. कॅप्टनने सगळ्यांकडे पाहिलं, घड्याळ काढलं आणि तोही बोटीत चढला.

तासाभरात वाफ आली. मैलाचा पहिला खांब मागे पडला तेव्हा पत्रा थरथरत होता. अर्ध्या मैलावर कॉनच्या घोट्यापर्यंत पाणी चढलं. पाववाला आणि चांभार पंप मारत होते, कॉन शिव्या देत कोळसा ओढत होता, आणि मॅग्नस इंजिनावर हात ठेवून "चल गं बाई, चल" एवढंच म्हणत होता. दुसरा खांब गेला आणि धक्क्यावरून अशी आरोळी उठली, की ती त्याला इंजिनाच्या धडधडीतही ऐकू आली.

तीन मिनिटं पंचवीस सेकंद. म्हणजे वेग कागदापेक्षा जरा जास्तच.

महिन्याभराने वेकाचं इंजिन काढून नेलं आणि सांगाडा वाळूत ओढून टाकला. कॅप्टनच्या अहवालाची एक प्रत मॅग्नसच्या नावाने आली. शनिवारी दुपारी बारा जण सवयीने रिकाम्या शेडमध्ये जमलेच होते. कॉनला वाचता येत नसे, म्हणून मॅग्नसने मोठ्याने वाचलं.

"वेग, साडेसतरा नॉटच्या वर. शत्रूशी गाठ, नाही. बोट बाद. पत्रा झिजण्याचं कारण..." इथे त्याने कागद उजेडाकडे धरला. "कारण, बारा माणसं, पंधरा वर्षं, दर शनिवारी."

मग कॉनने टोपी काढली.

"ते कारण," तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाच रे."